रंग पाहून भाव: हळद, डाळ, गूळ आणि कृत्रिम रंगांचा प्रश्न

नांदेडच्या नव्या मोंढ्यात किंवा शेजारच्या वसमत-हिंगोलीच्या हळद बाजारात व्यापारी ढिगातले एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो, मोडल्या जागेचा रंग पाहतो आणि बोली बोलतो. लातूरला गुळाच्या ढेपेचा टवका काढून तो उजेडात धरला जातो. धर्माबादच्या मिरचीची पहिली पारख तिची लाली, आणि लातूरच्या गिरण्यांतून निघणाऱ्या तूर डाळीची तिचा पिवळेपणा. या चारही मालांत डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे पैसे लगेच मिळतात, आतल्या गुणाचे मिळालेच तर उशिरा. कृत्रिम रंग, रंगद्रव्ये आणि पांढरेपणा आणणारी रसायने किती सुरक्षित, या वादाचा आढावा घ्यायचा तर आपल्या भागापुरता तो या सौद्यापासून घ्यावा लागतो. रंग-रसायनांचे मोठे कारखाने रायगड-ठाणे पट्ट्यात आणि गुजरातेत आहेत. मराठवाड्यात रंग येतो तो पुडीतून.

रंग आला कुठून

कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ मध्ये सुरू झाला. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये क्विनीन बनवण्याच्या खटाटोपात जांभळा रंग हाती लागला. पुढच्या चाळीस वर्षांत कोळशाच्या डांबरापासून शेकडो रंग निघाले. १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यात तयार झालेली नीळ बाजारात आली आणि भारतातली निळीची शेती काही वर्षांत कोसळली. त्याआधी आपल्याकडे कापड रंगवले जाई ते नीळ, आल, हळद आणि करडईच्या पाकळ्यांनी. करडई मराठवाड्यात आजही पेरतात, पण तेलासाठी. तिच्या पाकळ्यांतून कुसुंबी रंग निघतो हे आता शेतकऱ्यालाही सांगावे लागते.

कर्करोगाच्या धोक्याची पहिली ठळक नोंद खाणाऱ्यांत नव्हे, कामगारांत झाली. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे मांडले. त्यामागे बेन्झिडीन आणि नॅफ्थिलअमाइन यांसारखी अमाइन वर्गातली रसायने असल्याचे ठरायला पुढची कित्येक दशके गेली. ज्या ॲझो रंगांचे विघटन होऊन अशी अमाइन बाहेर पडतात, त्यांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली. तिथे कापड पाठवणाऱ्या भारताला ती लगेच जाणवली. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने दोन अधिसूचनांनी असे एकूण ११२ रंग हाताळण्यास मनाई केली. कापडाच्या रंगांबाबतची आपली जाग मुख्यतः निर्यातीमुळे आली, ही गोष्ट पुढे हळदीच्या संदर्भात पुन्हा भेटते.

हळद: पॉलिशच्या ड्रमात काय पडते

शेतातून काढलेली हळद उकडतात, पंधराएक दिवस उन्हात वाळवतात आणि मग जाळीच्या ड्रमात फिरवून तिचे पॉलिश करतात. ड्रममध्ये हळकुंडे एकमेकांवर घासून वरचे खवले निघतात. शेवटच्या फेऱ्यांत हळदीचीच पूड, कधी तुरटीच्या पाण्यात कालवून, वर टाकली जाते, म्हणजे माल उजळ दिसतो. ही रीत जुनी आहे आणि तिला कुणाचा आक्षेप नाही. प्रश्न उभा राहतो तो पुडीच्या जागी दुसरे काही आले तर.

या दुसऱ्या वस्तूंत सर्वांत गंभीर आहे लेड क्रोमेट: शिसे आणि क्रोमियम असलेले, रस्त्यावरचे पट्टे आणि प्लास्टिक रंगवायला वापरले जाणारे पिवळेधमक रंगद्रव्य. ते स्वस्त, टिकाऊ आणि वजनालाही भरणारे. बांगलादेशात त्याचा वापर कसा सुरू झाला, याचे तिथल्या व्यापाऱ्यांनी संशोधकांना दिलेले उत्तर आपल्याला ओळखीचे वाटेल. १९८० च्या दशकातल्या पुरानंतर हळद ओली राहिली, काळपटली, भाव पडला, आणि कुणीतरी पिवळी पूड लावून ती खपवली. पुढे चांगल्या हळदीलाही तीच पूड लागू लागली, कारण गिऱ्हाईकाची नजर त्या पिवळेपणाला सरावली होती. मार्चमध्ये वाळवणीवर अवकाळी पाऊस पडला की मराठवाड्यातला हळद उत्पादकही त्याच पेचात असतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि ढाक्यातील सहकाऱ्यांनी हा प्रकार उजेडात आणल्यावर २०१९ मध्ये बांगलादेश सरकारने मोठ्या बाजारांत धाडी घातल्या, दंड केले, जागोजागी सूचना लावल्या आणि क्ष-किरणांवर चालणारी, हातात धरता येणारी यंत्रे वापरून शिसे जागच्या जागी मोजले. २०१९ मध्ये तपासलेल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडले होते. २०२१ मध्ये एकातही नाही. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरले. अन्नभेसळीच्या इतिहासात इतका झटपट आणि इतका स्पष्ट निकाल क्वचितच लागला असेल.

याच गटाने २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतील २३ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ३५६ नमुन्यांपैकी १४ टक्क्यांत शिशाचे प्रमाण २ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त होते. सर्वाधिक आकडा पाटण्याचा, २,२७४ पीपीएम. हे नमुने शहरांतल्या बाजारांतले होते, उत्पादक जिल्ह्यांच्या मोंढ्यातले नव्हेत. त्यामुळे पाटण्याचा आकडा वसमत किंवा नांदेडच्या मालाला चिकटवणे अन्यायाचे होईल. पण हळद इथून निघून कित्येक हातांतून फिरत शहरात पोहोचते, आणि रंग नेमका कोणत्या हाताने लावला हे नमुना सांगत नाही. म्हणून ‘हा प्रश्न आमचा नाही’ असे म्हणण्यालाही तेवढाच कमी आधार आहे.

दुसरा वाद मर्यादेचा. भारतात हळदीत शिशाची कमाल मर्यादा १० पीपीएम आहे, युरोपीय संघात मुळे व कंदांच्या मसाल्यांसाठी १.५. रोज एक ग्रॅम हळद पोटात जात असेल, तर भारतीय मर्यादेत बसणाऱ्या मालातूनही १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे जाऊ शकते. शिशाबाबत सुरक्षित म्हणावी अशी किमान मात्राच सापडत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीचे मत आहे. २०१० मध्ये तिने शिशाची जुनी साप्ताहिक मर्यादा मागे घेतली. याउलट उत्पादक आणि व्यापारी म्हणतात, की मातीतून, धुळीतून थोडे शिसे येतेच. मर्यादा एकदम खाली आणली तर भेसळ न करणाराही अडकेल. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तरीही नैसर्गिक अंश आणि भेसळ यांत फरक करता येतो, कारण लेड क्रोमेटमध्ये शिशाबरोबर क्रोमियमही ठरलेल्या प्रमाणात सापडते. आपल्या मानकांतही हळदीच्या पुडीची लेड क्रोमेट चाचणी नकारार्थी यायला हवी अशी वेगळी अट आहे. नैसर्गिक अंशाच्या नावाखाली भेसळीला सूट मागता येत नाही, एवढे तरी त्यातून ठरते.

मेटॅनिल यलो: डाळ, पूड आणि लाडू

हळदीच्या पुडीत, डाळीत आणि सुट्या मिठाईत जास्त ऐकू येणारे नाव मेटॅनिल यलोचे. हा कापड-चामड्याचा रंग. खाद्यरंग म्हणून त्याला भारतात कधीच परवानगी नव्हती. त्याची ओळख सोपी आहे: आम्लात तो किरमिजी होतो. परीक्षानळीत हळदीची पूड आणि पाणी घेऊन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की शुद्ध हळदही क्षणभर गुलाबी होते, पण पाणी वाढवल्यावर तो गुलाबीपणा जातो. मेटॅनिल यलो असेल तर राहतो. जाता जाता सांगायला हवे, की हळदीच्या डागाला साबण लागल्यावर तो लाल होतो तो भेसळीमुळे नव्हे. तो कुरकुमीनचा स्वभाव आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘घरगुती चाचण्यां’तल्या निम्म्या गोंधळाचे मूळ इथे असते.

मेटॅनिल यलो किती घातक? बंगळूरच्या निमहान्समधील संशोधकांनी १९९३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दीर्घकाळ दिलेल्या मात्रेचा मेंदूतल्या रसायनांवर आणि शिकण्याच्या क्षमतेवर परिणाम नोंदवला. माणसांबाबतचा पुरावा तुटपुंजा आहे. ज्याला बंदी आहे त्याच्या सेवनाचा हिशेब कोण ठेवणार? काही व्यापारी ‘चिमूटभर रंगाने कोण मेले’ म्हणतात ते याच पोकळीच्या आधाराने. विषशास्त्रज्ञांचे उत्तर असे, की परवानगीच्या रंगांमागे मात्रेचा अभ्यास असतो आणि यामागे तो नाही. शिवाय औद्योगिक रंगात मूळ रंगाइतक्याच त्यातल्या अशुद्धीही पोटात जातात.

परवानगी असलेले रंग हा त्याहून निराळा प्रश्न आहे आणि लोकांच्या बोलण्यात तो फार सरमिसळ होऊन येतो. भारतात आठ कृत्रिम खाद्यरंग चालतात: टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पोंसो ४आर, एरिथ्रोसीन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तेही ठरलेल्या पदार्थांतच, आणि बहुतेकांत १०० पीपीएमपर्यंत. डाळ, हळद, तिखट यांत यांपैकी एकही चालत नाही. टार्ट्राझीनची युरोपात मान्य असलेली रोजची मात्रा शरीराच्या दर किलोमागे ७.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाने मर्यादेतला रंग असलेली मिठाई एका दिवसात किलोभराहून अधिक खाल्ली तरच ती ओलांडली जाईल. कागदावर हे दिलासा देणारे आहे. पण जत्रेतल्या हलवायाकडे रंग मोजायला ग्रॅमचा काटा नसतो.

या मान्य रंगांवरचाही वाद संपलेला नाही. २००७ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने सहा रंगांची मिश्रणे मुलांना देऊन केलेल्या प्रयोगात काहींचा चंचलपणा वाढल्याचे आढळले. परिणाम लहान होता आणि सर्व मुलांत सारखा नव्हता. तरी २०१० पासून युरोपात हे रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर सूचना छापणे सक्तीचे झाले. त्या सहांतले चार आपल्या आठांत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली. कारण उंदरांतला कर्करोग, आणि तिथला जुना कायदा प्राण्यांत कर्करोग आढळला तरी परवानगी नाकारतो. माणसाला त्या मार्गाने धोका असल्याचे त्यांनीही म्हटलेले नाही. एकाच पुराव्यावरून दोन देश दोन निर्णय घेतात ते असे.

मिरचीची लाली

धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचे मिरचीचे गाव. मिरचीचा मोठा इशारा जगाला २००५ मध्ये मिळाला. भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ हा मेण आणि पॉलिशमध्ये वापरला जाणारा रंग निघाला, आणि ब्रिटनमध्ये त्या तिखटापासून बनलेल्या सॉसमुळे चारशेहून अधिक उत्पादने दुकानांतून परत घ्यावी लागली. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुदान-१ ला माणसातला कर्करोगकारक ठरवलेले नाही. पुरावा अपुरा आहे असे तिचे वर्गीकरण सांगते. पण अपुरा पुरावा असलेला रंग तिखटात घालावा, असे म्हणणारा कुणी नाही. लातूर-उदगीरच्या पलीकडे कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये ऱ्होडामाइन-बी हा कापडी रंग सापडल्यावर गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि रंगीत बुढ्ढी के बाल यांवर बंदी घातली. त्याच्या महिनाभर आधी पुदुच्चेरी आणि तमिळनाडूने बुढ्ढी के बाल थांबवले होते. ऱ्होडामाइन आधीच बेकायदा होते, मग नवी बंदी कशासाठी, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता.

गूळ गोरा कशाला

आतापर्यंतचे रंग चढवायचे होते. गुळात रंग उतरवायचा असतो. लातूरची गूळ बाजारपेठ मोठी होती आणि शहरातल्या एका भागाला आजही गूळ मार्केट म्हणतात. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळताना चुना आणि रानभेंडीचे चिकट पाणी घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची, हे गुळव्याचे जुने कसब. त्यातून निघणारा गूळ तांबूस-तपकिरी. बाजाराला मात्र पिवळा हवा. म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर पडू लागली.

हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. निळीने कापड रंगवताना नीळ पाण्यात विरघळावी म्हणून रंगारी जे वापरतात तेच. ते रसातल्या रंगद्रव्यांतला ऑक्सिजन ओढून घेते, रस उजळतो आणि मागे सल्फर डायऑक्साइड उरतो. ही उजळणी कायमची नसते. साठवणीत हवा लागली की असा गूळ पुन्हा काळवंडतो, अनेकदा साध्या गुळापेक्षा जास्त. म्हणजे सौद्याच्या दिवसापुरता गोरेपणा.

आरोग्याच्या बाजूने नियम गुळात उरलेला सल्फर डायऑक्साइड मोजतो आणि मर्यादा ७० पीपीएम आहे. सल्फाइटची रोजची मान्य मात्रा बऱ्याच काळापासून शरीराच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम धरली जाते. पन्नास किलोच्या माणसाला ती गाठायला मर्यादेतला गूळ दिवसाला अर्धा किलो खावा लागेल, पंधरा किलोच्या मुलाला दीडशे ग्रॅम. साधारण निरोगी माणसाला त्यातून मोठा धोका नाही, हे गुऱ्हाळवाल्यांचे म्हणणे मर्यादेपुरते बरोबर आहे. दम्याच्या काही रुग्णांना मात्र याहून कमी मात्रेतही त्रास होतो, आणि सुट्या ढेपेवर सल्फाइटची सूचना कुठे छापणार? पांढऱ्या साखरेतही गंधकाचाच धूर वापरला जातो. ‘गूळ नैसर्गिक, साखर रासायनिक’ ही विभागणी हायड्रॉसच्या गुळाला लागू पडत नाही.

कपड्यांची चकाकी, पांढरी गोळी आणि क्रीम

पांढरेपणाच्या इतर रसायनांबद्दल थोडक्यात. धुण्याच्या पावडरीतले टिनोपालसारखे चकाकी देणारे पदार्थ अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात, म्हणून जुना सदरा पांढरा ‘दिसतो’. माणसाला त्यांचा थेट धोका फार कमी आढळला आहे, पण ते पाण्यात लवकर कुजत नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडवर मात्र तज्ज्ञ सरळ दोन गटांत उभे आहेत. गोळ्या-चॉकलेटांना पांढरा लेप देणारा हा पदार्थ जनुकीय इजा करू शकतो ही शक्यता नाकारता येत नाही, म्हणून युरोपने २०२२ मध्ये तो खाद्यपदार्थांतून काढला. २०२३ मध्ये वर उल्लेखलेल्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तोच पुरावा तपासून मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे पुन्हा सांगितले. भारतात तो चालतो.

गोरे करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याबद्दल असा मतभेद नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत एक दुर्मीळ खूण आढळली आणि त्या १५ पैकी १३ जण अशी क्रीम लावत होते. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला अंश एक पीपीएमपर्यंत चालतो. ज्या डब्यावर कारखान्याचे नावच नाही, त्याला हा नियम कसा लावायचा ते उरतेच.

गुलाल, आणि नदीत जाणारा रंग

नांदेडला हुजूर साहिबच्या होला मोहल्ल्यापासून गणपती आणि निवडणुकीच्या मिरवणुकांपर्यंत गुलाल उधळला जातो. दर होळीला वर्तमानपत्रांत एक यादी छापून येते: काळ्यात शिसे, हिरव्यात मोरचूद, लालात पारा. ही यादी जुनी आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या अलीकडच्या लेखनात भर आहे तो मॅलाकाइट ग्रीन, ऱ्होडामाइन यांसारख्या कापडी रंगांवर आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या खडूच्या किंवा स्टार्चच्या पुडीवर. तक्रारी बहुधा खाज, पुरळ आणि डोळ्यांच्या. यादी बदलली तर काळजीही योग्य जागी जाईल. पळसाच्या फुलांचा रंग हा चांगला पर्याय आहेच, पण तो मिरवणुकीला पुरेल इतका कोण उकळणार?

पर्यावरणाच्या बाजूने महाराष्ट्रातली ठळक उदाहरणे इतरत्र आहेत. इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेमुळे पंचगंगेचा प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयांत आहे. २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री निळी दिसू लागली तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला. नांदेडला गोदावरीचे मुख्य दुखणे सांडपाण्याचे आहे, रंगांचे नव्हे.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न कामगारांचा. हळद पॉलिश करणारा, तिखट कांडणारी बाई, डाळ गिरणीतला हमाल यांच्या श्वासात जाणारी धूळ खाणाऱ्याच्या ताटातल्या चिमटीपेक्षा कित्येक पट जास्त. रेन यांनी १८९५ मध्ये याच बाजूने सुरुवात केली होती आणि बांगलादेशातही सुधारणा कामगारांच्या रक्तात मोजली गेली. आपले अन्नसुरक्षेचे कायदे खाणाऱ्यासाठी आहेत. कामगाराच्या रक्तातले शिसे त्यांच्या कक्षेत येत नाही.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ प्रमाणे अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सुटा माल तोवर विकून संपतो, आणि खटला उभा राहतो तो बहुधा ज्या दुकानातून नमुना घेतला त्याच्यावर. व्यापारी संघटनांची ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ड्रमजवळ किंवा मोंढ्याच्या काट्यावर क्ष-किरणांचे ते हातातले यंत्र धरले तर शिशाचे उत्तर काही मिनिटांत मिळते, हे ढाक्याने दाखवले. मेटॅनिल यलो किंवा सुदान या यंत्राला दिसत नाहीत. त्यांना प्रयोगशाळाच लागते.

तिसरा प्रश्न भावाचा, आणि माझ्या मते बाकीचे दोन त्याच्यामागे येतात. रंगापलीकडच्या गुणाला मोल मिळते, अशी उदाहरणे आहेत. निलंग्याकडच्या बोरसुरीच्या तूर डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते चवीच्या लौकिकावर. औषध कंपन्यांसाठी आणि निर्यातीसाठी हळद घेणारे खरेदीदार कुरकुमीनचे प्रमाण विचारतात, आणि ते कुठल्याही पुडीने वाढवता येत नाही. पण त्यासाठी नमुना दळायचा, अर्क काढायचा आणि यंत्रावर मोजायचा. तेवढ्या वेळात मोंढ्यातला सौदा कितीतरी ढिगांवरून पुढे गेलेला असतो.